कातडी कमावणाऱ्यांचे घर

अल्सेशियन म्हटले की आपल्याकडे कुत्रा आठवतो. बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी असते आणि आत साखळीला बांधलेला दांडगा कुत्रा असतो. कुत्र्याची जात जर्मन. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांना जर्मन हा शब्दच नकोसा झाला, म्हणून त्यांनी जर्मनीला लागून असलेल्या अल्सास प्रांताचे नाव त्याला चिकटवून दिले. हा अल्सास प्रांत फ्रान्सच्या पूर्व टोकाला, ऱ्हाईन नदी आणि व्होज डोंगर यांच्यामधल्या पट्टीत आहे. १८७१ साली जर्मनीने तो घेतला, १९१८ साली तो फ्रान्सकडे आला, १९४० साली हिटलरने गिळला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रान्सचा झाला. एकाच घरात राहून चार वेळा देश बदललेली माणसे तेथे होऊन गेली.

या प्रांतात स्ट्रासबुर्ग नावाचे मोठे नगर आहे. तेथील एका घराविषयी आज आम्ही लिहीत आहोत. ते घर राजाचे, सरदाराचे किंवा सावकाराचे नाही. ते कातडी कमावणाऱ्यांचे घर आहे. बांधले १५७२ साली, आणि आजही उभे आहे.

आमच्या वस्तीतला एक मुलगा सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशी शिकायला गेला आहे. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. सुट्टीत तो मित्रांबरोबर स्ट्रासबुर्ग पाहायला गेला आणि तेथून त्याने आम्हाला फोनवर फोटो पाठवले. खाली एक ओळ लिहिली होती : ‘काका, इथला ढोरवाडा पाहायला साऱ्या जगातून लोक येतात.’ ती ओळ आमच्या मनातून जाईना. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. घरबांधणी हा काही आमचा विषय नव्हे. पण एखादे प्रकरण टेबलावर आले की त्याची फाईल पूर्ण केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तसे आम्ही या घराच्या मागे लागलो.

घर कसे आहे

इल नावाची नदी स्ट्रासबुर्गच्या जुन्या गावठाणाला दोन्ही बाजूंनी कवेत घेते, त्यामुळे जुने नगर हे एक बेटच झाले आहे. बेटाच्या पश्चिम कोपऱ्यात नदीला फाटे फुटतात. तेथे पूर्वी पाणचक्क्या होत्या, मच्छीमार होते आणि कातडी कमावणारे होते. या भागाला पेतीत फ्रान्स, म्हणजे छोटा फ्रान्स म्हणतात. नाव ऐकायला गोड, पण त्याचा उगम कडू आहे. त्या काळी गरमीच्या रोगाला जर्मन बोलणारे लोक ‘फ्रेंच रोग’ म्हणत. त्या रोग्यांचे इस्पितळ या भागात होते, त्यावरून वस्तीला हे नाव पडले. म्हणजे हिणवण्यातून आलेले नाव! वस्तीला नाव कोण ठेवतो आणि का ठेवतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आमचे घर याच भागात, नदीच्या अगदी काठावर उभे आहे. अल्सासच्या बोलीत त्याला ‘गेर्वरश्टुब’ म्हणतात. गेर्वर म्हणजे कातडी कमावणारा. श्टुब म्हणजे घरातली ऊबदार बैठकीची खोली. तिकडे थंडी कडाक्याची. म्हणून बैठकीच्या खोलीत भाजलेल्या मातीच्या फरशांची मोठी शेगडी असे आणि तिच्यात लाकडे सारायची ती पलीकडच्या स्वयंपाकघरातून. खोलीत ऊब येई, धूर येत नसे. आमच्या पत्नीने फोटो पाहून पहिला प्रश्न केला होता, ‘यांची चूल कुठं असायची?’ त्याचे उत्तर हे असे सापडले.

अल्सासच्या जुन्या घरांची रीत अशी. खालचा भाग दगडी. नदीचा ओलावा आणि पुराचे पाणी दगडच सोसू शकतो. त्या मुलखातला दगड गुलाबी, व्होज डोंगरातला. दगडी जोत्यावर ओक नावाच्या कठीण लाकडाचा सांगाडा उभा करायचा. खांब, तुळया आणि तिरपे टेकू एकमेकांच्या खाचेत बसवायचे व लाकडी खुंटीने पक्के करायचे. सुतार आधी सारा सांगाडा जमिनीवर जुळवून पाही, प्रत्येक लाकडावर खुणेचा आकडा कोरी, मग एकेक लाकूड वर चढवी. लाकडांच्या मधल्या जागेत काठ्या आणि फोके विणून त्यावर माती व गवताचा गारा लिंपायचा आणि वरून चुन्याचा हात द्यायचा. पांढरी भिंत आणि तिच्यावर काळसर लाकडाच्या उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा, असे ते रूप दिसते.

वाचक बंधू-भगिनींनो, ही भिंत ओळखलीत का? हा आपला कूड आहे! कोकणात आणि घाटावर ज्यांचे बालपण गेले, त्यांनी कुडाची भिंत सारवलेली पाहिली आहे. कामट्या विणायच्या, शेणमाती लिंपायची. फोटोत जी भिंत पाहून आपण वाहवा म्हणतो, तिचे रक्ताचे नाते आपल्या झोपडीशी आहे. फरक आहे तो लाकडात. ओकचे लाकूड ज्याला परवडते, त्याचा कूड साडेचारशे वर्षे टिकतो. ज्याच्या पदरात बोरूच्या काड्या पडतात, त्याचा कूड एका पावसाळ्यात बसतो.

सांगाडा असा जुळवलेला असल्यामुळे ही घरे सोडवून, लाकडे गाडीवर घालून, दुसऱ्या गावी पुन्हा उभी करता येत. अल्सासमध्ये उंगर्सहाइम या गावी १९८४ साली असे एक संग्रहालयच सुरू झाले. पाडली जाणार होती अशी डझनावारी जुनी घरे तेथे सोडवून आणली आणि पुन्हा उभारली. त्यांत शेतकऱ्यांची घरे आहेत, कारागिरांचीही आहेत.

आता वर पाहू. छप्पर फार उंच आणि फार उतरते. घराची निम्मी उंची जणू छपरातच आहे. त्या छपरात एकावर एक माळे, आणि माळ्यांना भिंतीऐवजी मोकळ्या पट्ट्या व सज्जे. इतक्या थंड देशात कोणी वरचा मजला वाऱ्याला उघडा ठेवील काय? पण तो माणसांसाठी नव्हताच. तेथे कातडी वाळत घालत.

पाणी, चुना आणि साल

हे घर समजून घ्यायचे तर कातडी कशी कमावतात हे समजले पाहिजे. कातडी आली की ती वाहत्या पाण्यात भिजवायची, रक्त आणि मीठ धुऊन काढायचे. म्हणून घर नदीला चिकटून. मग चुन्याच्या हौदात टाकायची, म्हणजे केस सुटतात. मग लाकडी ओंडक्यावर पसरून दोन मुठींच्या सुरीने एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचे मांस खरवडायचे. मग ओकच्या सालीचा भुगा आणि कातडी यांचे थर हौदात रचून पाणी सोडायचे आणि वाट पाहायची. जाड कातडीला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त. सालीतला तुरट रस कातडीत मुरला की ती कुजत नाही, चामडे होते. शेवटी सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे. कडक उन्हात चामडे तडकते. म्हणून ते उघडे माळे. उरलेल्या सालीच्या विटा थापून थंडीत जाळत. काही वाया जात नसे. घाण वास मात्र सगळीकडे भरून राहत असे. वास तिकडेही होता, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे ओकच्या जागी बाभळीची साल, तरवड आणि हिरडा. बाकी सारे तेच.

हे फोटो आम्ही रविवारी वंदनेनंतर विहारात दाखवले. आमच्या विहारात एक वृद्ध उपासक येतात. वय ऐंशीच्या आसपास. ज्या जातीला या व्यवस्थेने ‘ढोर’ हे जनावराचे नाव दिले, त्या जातीत त्यांचा जन्म. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, पण पोटासाठी मुलाला मुंबईत एका टॅनरीत कामाला लागावे लागले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, उघडा माळा पाहिला आणि लगेच म्हणाले, ‘हा वाळवणीचा माळा. वारा खालनं वर जायला पाहिजे, म्हणून फटी ठेवल्यात.’ आम्ही चार पुस्तके चाळून जे शोधले होते, ते त्यांनी एका नजरेत सांगितले.

तेवढ्यात एका तरुणाने विचारले, ‘सर, बाबासाहेबांनी आपल्याला हे धंदे सोडायला सांगितले. मग आपण विहारात बसून कातड्याच्या घराचं कौतुक कशाला करायचं?’

प्रश्न बिनतोड होता. आम्ही उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तोच बाबा बोलले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. चुन्याने बोटांची टोके झिजून गुळगुळीत झाली आहेत, नखे वाकडी झाली आहेत. ‘काम वंगाळ नव्हतं रं पोरा. कातडं कमवायला अक्कल लागती. हात लावला की मला कळायचं, अजून किती दिवस ठेवायचं. मालकाला ते कळत नव्हतं. पण हौद मालकाचा, माल मालकाचा, पैका मालकाचा. आमचा नुसता वास.’

‘आमचा नुसता वास.’ हे तीन शब्द ऐकल्यावर आम्हाला त्या स्ट्रासबुर्गच्या घराचा खरा अर्थ लागला.

नगराच्या सभेत खुर्ची

स्ट्रासबुर्गमध्ये कारागिरांच्या धंदेवार मंडळ्या होत्या. त्यांना गिल्ड म्हणत. १४८२ सालच्या नगराच्या घटनेप्रमाणे अशा वीस गिल्ड ठरल्या आणि प्रत्येक गिल्डचा एक प्रतिनिधी नगरसभेत बसू लागला. सरदार घराण्यांना दहा जागा, गिल्डना वीस. ही घटना १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत चालली. त्या वीस गिल्डमध्ये कातडी कमावणाऱ्यांची एक होती आणि जोडे शिवणाऱ्यांची दुसरी होती. प्रत्यक्षात सत्ता श्रीमंत घराण्यांच्याच हाती एकवटत गेली, हेही खरे. तरी पण ज्याच्या अंगाला कातड्याचा वास येतो, त्याच्या गिल्डची खुर्ची नगरसभेत आहे, ही गोष्ट लहान नाही. नदीवर त्याचा हक्क आहे. कॅथेड्रलपासून पायी दहा-बारा मिनिटांवर त्याचे घर आहे. म्हणूनच ते दगड आणि ओकचे आहे. गेर्बर, म्हणजे कातडी कमावणारा, हे त्या भागात आजही आडनाव आहे. त्या आडनावाचे डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. आडनाव ऐकून कोणी त्यांच्या पाण्याचा पेला वेगळा ठेवत नाही.

आता इकडे या. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो बांधवांनी त्या तळ्याचे ओंजळभर पाणी घेतले, तर त्यांच्यावर लाठ्या चालल्या. जनावरे त्या तळ्यावर पाणी पीत होती. त्या मेलेल्या जनावराला ओढून नेणारा माणूस मात्र पाण्याला शिवू शकत नव्हता.

१९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात म्हणजे श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. आणि एकावर एक चढवलेली उतरंड आहे. आम्ही कारकून माणसे हिशेबाची भाषा जाणतो. श्रमाची विभागणी म्हणजे एका वहीत अनेक खाती. श्रमिकांची विभागणी म्हणजे काही माणसांचे नाव जन्मतःच कायमचे नावे बाजूला लिहून टाकणे, त्यांनी कितीही जमा केले तरी.

याच हिशेबावर बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सडेतोड उत्तर दिले होते. मेलेली ढोरे ओढणे सोडले तर अस्पृश्यांचे कातडे, शिंगे व खुरांचे उत्पन्न बुडेल, असा मानभावी हिशेब कोणी तरी वर्तमानपत्रात मांडला होता. त्यावर बाबासाहेबांचे म्हणणे होते की एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही? म्हणजे बाबासाहेबांनी झिडकारली ती सक्ती. जन्माने गळ्यात बांधलेली आणि माणुसकी काढून घेणारी सक्ती. चामड्याची कला हीन आहे असे त्यांनी म्हटले नाही. विहारातल्या त्या तरुणाला आम्ही हेच सांगितले.

तिकडच्या गिल्ड वाचून, आपल्याकडे असे काही नव्हते असे कोणी म्हणू नये. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. भिक्खूंच्या चिवरासाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवल्याचा उल्लेख त्यात आहे. श्रेणी म्हणजे गिल्डच. विणकरांची संस्था त्या काळी बँकेसारखी ठेव घेत होती. जुन्नरच्या लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे आहेत. आणि आंध्रातील अमरावतीच्या महान स्तूपावर विधिक नावाच्या एका चर्मकाराने आपल्या कुटुंबासह पूर्णघट कोरलेली शिळा दान दिल्याचा लेख आहे. चर्मकाराचे नाव, त्याच्या पित्याचे नाव, आणि तेही स्तूपाच्या दगडावर! बुद्धाच्या धम्मात त्याला कोणी दाराबाहेर उभे केले नाही. तेव्हा स्ट्रासबुर्गचे १५७२ चे घर पाहून न्यूनगंड नको. आपला विधिक त्याच्याही तेरा-चौदाशे वर्षे आधीचा आहे.

शिंग वाजले की नगर सोडा

परंतु नाण्याची दुसरी बाजू दाखवली नाही तर आम्ही वाचकांशी प्रामाणिक राहिलो असे होणार नाही.

याच स्ट्रासबुर्गमध्ये १३४९ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या भीतीने लोक वेडे झाले. ज्यूंनी विहिरींत विष टाकले, असा खोटा बोभाटा झाला. जे नगराधिकारी ज्यूंचे रक्षण करू पाहत होते, त्यांना गिल्डच्या कारागिरांनी उठाव करून खाली खेचले, आणि १४ फेब्रुवारीला शेकडो ज्यूंना जिवंत जाळले. होय, कष्टकरी कारागिरांनीच हे केले. त्यानंतरच्या शतकांत ज्यूंना नगरात राहण्याची बंदी झाली. दिवसा कामधंद्यासाठी यायचे तर अंगावर कर भरायचा. जनावरांवर जकात घेतात तसा माणसावर. संध्याकाळी कॅथेड्रलवरून शिंग फुंकले जाई. ते वाजले की नगर सोडायचे.

हे वाचताना आमच्या अंगावर काटा आला. पेशवाईच्या पुण्यात आपल्या पूर्वजांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. दुपार कलली की सावल्या लांबतात, म्हणून तिसऱ्या प्रहरानंतर त्यांना वेशीच्या आत येऊ देत नसत, असेही लिहिले गेले आहे. तिकडे शिंग, इकडे सावली.

त्याच पेतीत फ्रान्सच्या शेजारी, फिंकविलर भागात, आणखी एक घर आहे. सेर्फ बेर नावाचा एक ज्यू व्यापारी फ्रान्सच्या सैन्याला घोडे व दाणावैरण पुरवीत असे. राजाचा भरवशाचा माणूस. पण ज्यू असल्यामुळे स्ट्रासबुर्गमध्ये घर घेता येईना. शेवटी १७७१ साली त्याने एका बड्या वाड्याची खरेदी दुसऱ्याच्या नावावर केली. नगराला ते कळल्यावर वर्षानुवर्षे खटला चालवला गेला. सैन्याला त्याचे दाणे चालले, शेजार चालला नाही!

ही गोष्ट अठराव्या शतकातली म्हणून सोडून देऊ नका. आम्ही स्वतः काही वर्षांपूर्वी भाड्याने खोली पाहत होतो. सगळे ठरले, अनामत ठरली, आणि मग आडनाव विचारले गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की खोली नात्यातल्या माणसाला दिली. ती खोली पुढे तीन महिने रिकामी होती. आपल्यापैकी किती जणांना असा निरोप आला आहे, त्यांनी मनाशी मोजावे.

आणखी एक गोष्ट. जर्मन मुलखातल्या नगरांत कातडी कमावणारा प्रतिष्ठित नागरिक होता, पण मेलेले जनावर उचलणारा आणि सोलणारा मात्र ‘अप्रतिष्ठित’ समजला जाई. त्याला गिल्डमध्ये प्रवेश नाही, त्याच्या मुलाला दुसरा धंदा शिकायची सोय नाही, गुत्त्यात त्याच्याबरोबर बसायला कोणी तयार नाही. १७३१ साली तेथील साम्राज्याने कायदा करून ही बंधने सैल करण्याचा प्रयत्न केला. म्हणजे माणूस ज्याच्या शेजारी बसायला तयार नाही असा कोणी तरी प्रत्येक समाज शोधत असतो. ज्याच्या हाती खुर्ची येते, तोही दुसऱ्याला बाहेर ठेवू लागतो. खुर्ची मिळाली म्हणजे समता आली असे नव्हे, हा धडा आपणही गिरवला पाहिजे. आपल्यातच पोटजातीचे शिंग फुंकणारे अजून आहेत. लग्न जमवताना ते ऐकू येते.

ज्यूंवरचा तो अंगकर १७८४ साली रद्द झाला आणि २७ सप्टेंबर १७९१ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने त्यांना बरोबरीचे नागरिक केले. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द तेव्हा फ्रान्समध्ये घुमत होते. परंतु ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट केले की ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत. ती आपल्या गुरूच्या, भगवान बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. या सर्व फाईलचा आमच्या दृष्टीने निकाल तोच आहे. सुंदर घरे बांधणारे नगरही क्रूर असू शकते. मैत्री आणि करुणा नसेल तर ओकच्या सांगाड्यातही माणूस कुजतो.

घर जपणे

स्ट्रासबुर्गमधला कातडी कमावण्याचा तो जुना व्यवसाय आज उरलेला नाही. कातडी धुण्यासाठी ज्या चराचा वापर होई, तो बुजवून त्याचा रस्ता झाला. रस्त्याला मात्र ‘कातडी कमावणाऱ्यांचा चर’ हेच नाव राहिले. आमच्या या घराची १९२७ साली सरकारदरबारी स्मारक म्हणून नोंद झाली. १९२७, म्हणजे आपल्या महाडचे साल! १९४९ साली तेथे खानावळ सुरू झाली. १९८८ साली ते सारे बेटच युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. जेथे कधी काळी नाकाला फडके लावून लोक जात, तेथे आज खिडक्यांत लाल फुले लावलेली आहेत. पण घराने नाव बदलले नाही. दारावर त्याचे नाव आजही कातडी कमावणाऱ्यांचे घर असेच आहे.

आपली घरे कोठे आहेत? परळच्या बी.आय.टी. चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. दादरला त्यांनी राजगृह बांधले ते कुटुंबाइतकेच ग्रंथांसाठी. लंडनमध्ये विद्यार्थीदशेत ते जेथे राहिले, ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. ही घरे आपली तीर्थे झाली आहेत, आणि ते योग्यच आहे. पण ज्या लाखो हातांनी ही चळवळ उभी केली, त्यांची घरे? महारवाडा, मांगवाडा, ढोरवाडा येथली कुडाची घरे पडली, आणि ती पडली याचे आम्हाला दुःख नाही. गुलामीची घरे पडलीच पाहिजेत. दुःख याचे आहे की त्या घरांतल्या माणसांचे नाव, कसब आणि लढा यांची नोंदही त्यांच्याबरोबर मातीत गेली. आता मुंबईच्या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. सामान आवरताना जुनी ट्रंक भंगारवाल्याला जाईल. तिच्यात आजोबांच्या समता सैनिक दलाचा फोटो असेल, गिरणीचा हजेरी पास असेल, १९५६ साली नागपूरला गेल्याचे रेल्वेचे तिकीट असेल.

म्हणून आमची सर्व बंधू-भगिनींना विनंती आहे. ट्रंक देण्याआधी उघडा. प्रत्येक कागदामागे नाव आणि साल पेन्सिलीने लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचे काम विचारा. कोठे केले, कसे केले, हत्यार कोणते, मजुरी किती, पाणी कोणी दिले आणि कोणी नाकारले. मुलींनी आजीला विचारावे, मुलांनी आजोबांना. शंभर पानी वही पुरे. ती विहाराच्या कपाटात ठेवा आणि तिची नोंद विहाराच्या दप्तरात करा.

आमच्या विहारात अशी वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर त्या बाबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि खाली त्यांनी सांगितलेली कातडी कमावण्याची सगळी रीत, चुन्याच्या दिवसांसह. लिहून घेण्याचे काम त्याच तरुणाने केले, ज्याने विहारात तो प्रश्न विचारला होता. विधिकाचे नाव दगडावर टिकले. आपण निदान कागदावर तरी टिकवूया. जय भीम!